संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी

पारण्याचं मुगाचं पाणी ओठांपर्यंत आलं आणि कन्हैयालालांचा हात तिथंच थांबला. वाटीत काही पडलं नव्हतं, पाणी कढत नव्हतं, आणि एका उपासानं हात कापावा इतकं वयही झालं नव्हतं, निदान ते तसं मानत नव्हते. अडला होता तो कान. घराच्या मागच्या अंगाला त्यांची कांद्याची वखार; तिथं बाया निवडायला बसल्या की ढिगातून कांदे ओघळल्याचा खळखळाट भिंतीतून घरात यायचा. वर्षानुवर्षं तो इतका मुरला होता की ऐकूच येत नसे. तो नाही, हे मात्र आज स्वच्छ ऐकू आलं. वखारीमागच्या चार खोल्या रिकाम्या झाल्या हे त्यांना काल दुपारपासून ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असणं निराळं. डोकं घासाघीस करतं, सवलत मागतं, पुढच्या आठवड्याचा वायदा करतं. कान मेला उधारीचा व्यवहारच करत नाही.

"प्या की," सुमतीबाई म्हणाल्या. "आता कशाला थांबलाय?"

"थोड्या वेळानं."

"थोड्या वेळानं म्हणत दुसरा उपास धराल. तेवढीच गावात वाहवा."

चाळीसेक वर्षांच्या संसारात सुमतीबाईंचा टोमणा कधी वजनात कमी भरला नव्हता. कन्हैयालालांनी वाटी खाली ठेवली. बाजूला फोन सारखा उजळत होता: मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्, जोडलेल्या हातांची चित्रं, मागं कमळं, मागं उगवता सूर्य. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. ज्यांनी त्यांना दुखावायचं सोडाच, वर्षात एकदा फोनसुद्धा केला नव्हता, ते सगळे क्षमा मागत होते. आणि ज्यांनी खरोखर दुखावलं होतं, त्यांचा फोन दर वर्षीप्रमाणे या वर्षीही आला नव्हता. ह्या पद्धतीचं त्यांना मनातून हसू यायचं, तरी ती पाळायचे. संवत्सरीच्या दुसऱ्या सकाळी वखारीत जाऊन निवडणाऱ्या बायांसमोरही हात जोडायचे. पहिल्या वर्षी ते हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यांतली मोमेना पाटी टाकून उठली होती. शेठ हात जोडतो म्हणजे कामावरून काढतो, असंच तिला वाटलं. "काय चुकलं, शेठ? सांगा तरी!" मग कुणीतरी समजावलं. पुढं पुढं ती सरावली. "बरं, केलं माफ. आता सरका, उजेड अडवलाय."

काल ते जैन स्थानकात होते. पौषध म्हणजे दिवसभर घर नाही, धंदा नाही, फोन नाही; त्यात त्यांनी प्रतिक्रमणापर्यंत मौन घेतलेलं. दुपारी जिन्यावर बूट काढल्याचा आवाज आला आणि फौजदार मोज्यांनिशी वर आला. माणूस तरुण, अदबीनं वागणारा. आला तो सरळ त्यांच्यासमोर गुडघे मुडपून बसला, आणि आवाज इतका खाली आणला की जणू घरातलंच काही विचारतोय. "शेठ, तपासणी चालू आहे, तुम्हाला माहितीच आहे. बंगाली बोलणारी माणसं तुमच्या वखारीमागं सापडली. तुमची आहेत का, एवढंच सांगा. तुम्ही ओळखता म्हणालात तर कागदपत्रं तपासून होईपर्यंत इथंच ठेवतो, तुमच्या जबाबदारीवर. नाहीतर मला पुढं पाठवावी लागतील." शेजारचा कुणीतरी हळूच म्हणाला, "साहेब, मौन आहे त्यांचं." तेव्हा फौजदार म्हणाला, "मान हलवली तरी चालेल." आणि वाट पाहत बसला. ती वाट पाहणंच आता कन्हैयालालांच्या छातीत अडकून राहिलं होतं. घाई केली असती, दमात घेतलं असतं, तर आज राग तरी धरता आला असता. त्यांनी मान हलवली नाही. खाली फरशी होती, फरशीवर एक मुंगी होती, ती कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ते तिच्याकडे लक्ष ठेवून राहिले. फौजदार उठला, नमस्कार करून गेला. संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या एकूणएक जीवांची त्यांनी क्षमा मागितली. आवाज खणखणीत लागला होता.

मौन म्हणजे मौन, असं रात्रभर त्यांनी स्वतःला बजावलं. व्रतात तडजोड नाही. पण गेल्या वर्षी ह्याच मौनात त्यांनी खुणेनं पंखा बारीक करायला लावला होता. त्याच्या आदल्या वर्षी चष्मा मागवला होता, आणि तो दुसऱ्याचा आला म्हणून कपाळाला आठीही घातली होती. मौनात पंख्यासाठी बोलता येत होतं. माणसाच्या वेळीच व्रत एवढं कडक कसं झालं?

पारस आत आला. हा त्यांचा मुलगा. वखारीचा अर्धा कारभार आता त्याच्याच हातात. पाया पडला, मिच्छामि दुक्कडम् म्हणाला आणि पाटावर टेकायच्या आतच मुद्द्यावर आला. "पप्पा, झालं ते बेस झालं. तुमचं मौन होतं हे सगळ्या स्थानकानं पाहिलंय. एवढा चांगला पुरावा पैसे देऊन मिळायचा नाही. आता कुणी विचारलं तर माणसं ठेकेदाराची. खोल्या आपण ठेकेदाराला भाड्यानं दिलेल्या."

"ठेकेदार कोण?"

"शोधू की."

"आणि अनारूल?"

अनारूल म्हणजे मोमेनाचा नवरा. परवा ट्रकबरोबर माल उतरवायला वाशीला गेला होता, म्हणून काल सापडला नव्हता. "त्याचा फोन आला होता," पारस म्हणाला, "म्हटलं, तिकडंच थांब, इकडं फिरकू नकोस. रडत होता राव. पण करणार काय आपण?"

करणार काय आपण. ह्या तीन शब्दांवर पारसचा निम्मा धंदा चालायचा, आणि धंदा चांगला चालायचा. कन्हैयालाल उठून मागच्या दारानं वखारीत गेले. बायांची बसायची बारदानं जागच्या जागी, प्रत्येकीच्या बसण्याचा खळगा त्यावर तसाच. निम्मा ढीग निवडलेला: एकीकडं मोठा, एकीकडं मध्यम, एकीकडं बारीक गोल्टी, मधे काजळी धरलेला बाजूला काढलेला. त्यांनी सवयीनं ढिगात हात घातला. भादव्यातली दमट हवा, शेतावरच्या साठवणीच्या बराखीतून आलेला उन्हाळी माल. बोटं बरोबर एका सडक्या कांद्यात रुतली. कांद्याच्या धंद्यात सारा जन्म गेला, पण घरात कांदा शिजला नाही; अंगातली बंडीसुद्धा सुमतीबाई मागच्या ओट्यावर काढायला लावतात. चव माहीत नसलेल्या वस्तूची पारख मात्र अशी, की पत्तीचा रंग आणि मुळाला चिकटलेली माती बघून ते सांगायचे: हा लोणीचा, हा राजुरीचा, हा निरगुडसरच्या काळ्या रानातला. मालाचं गाव त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. माणसांचं गाव विचारायचं मात्र त्यांनी टाळलं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मिळालेलं उत्तर परत करता येत नाही. एकदाच कधीतरी मोमेनानं आपण होऊन सुमतीबाईंना सांगितलं होतं की तिचं गाव नदीनं खाल्लं. आधी रान गेलं, मग मशीद, मग घरं. हे ऐकून सुमतीबाई हळहळल्या होत्या. कन्हैयालालांना मात्र बरं वाटलं होतं. पाण्यात गेलेलं गाव ह्या तीरावर होतं की त्या, कोण सांगणार? ते बरं वाटणं आज त्यांना त्या सडक्या कांद्यासारखं बोटांना लागलं.

बाहेर पिकअपचा भोंगा वाजला. लोणीचा शेतकरी हौशीराम; वर ताडपत्री, खाली कांदा, ताडपत्रीतून पाणी गळतंय.

"रामराम शेठ! मिच्छा... काय ते तुमचं."

"मिच्छामि दुक्कडम्."

"त्येच. केलं माप. आता माल उतरून घ्या. बराखीत वास सुटलाय, आज निवडला न्हाई तर समदा उकिरड्यावर."

"निवडायला कोण आहे?"

"म्हंजी? बायांना हाळी द्या की."

"काल नेलं त्यांना."

"समद्यांना?" हौशीरामनं टोपी काढली. "मोमेनाला बी?"

"ठराव तुम्हीच मांडला होता ना ग्रामसभेत? बाहेरचे हाकला म्हणून?"

"आवो, ठराव भाईरच्यांचा व्हता!" हौशीराम खरंच दुखावला होता. "मोमेना कुठं भाईरची? तिला आमच्या बराखीतला कांदा वळखू येतो!"

"मग आता गावातल्या बाया आणा."

"आमच्या सुना कंपनीच्या बसनं जात्यात. म्हातारी हाय घरी. ती एकदा खाली बसली की उठवाय दोघं लागत्यात."

"पोरं?"

"पोरं हायेत की. मोर्च्याला समदी म्होरं. पाटी उचला म्हणलं की पाठीत चमक भरती." मग डोळा बारीक करून, "तसं बघाय गेलं तर शेठ, तुमी बी एके काळी भाईरचंच की, राव."

"तुमच्या पणज्यानं ठेवून घेतलं म्हणून राहिलो."

"आन् बगा, आता आमीच तुमच्या दारात हुबं."

दोघंही हसले. ते हसणं जुनंच होतं, हौशीरामच्या बापाबरोबरही कन्हैयालाल असेच हसायचे. तेवढ्यात फोन सुरू झाले आणि क्षमेच्या संदेशांत धंद्याचे संदेश मिसळले. टोमॅटोवाल्याचा: क्रेट भरायला हात मिळतील का दोन दिवस? पोल्ट्रीवाल्याचा: शेडवर कुणी नाही, पाखरांना पाणी कोण दाखवणार? एका द्राक्षवाल्याला पुढच्या छाटणीची आत्ताच धडकी भरलेली. एका बिल्डरचा स्लॅब अर्ध्यावर. कन्हैयालाल ऐकत होते आणि मनाशी ताळा जुळवत होते. गेल्या आठवड्यापर्यंत ह्या दोन तालुक्यांत कुणाकडंच बाहेरची माणसं नव्हती, आणि आज सगळ्यांचीच गेली होती. गंमतच म्हणायची. पण गमतीच्या तळाशी काहीतरी बसलं होतं आणि ते काही हलत नव्हतं. हे सगळे हात मागत होते. हौशीराम हात मागत होता. ते स्वतः मागच्या दारानं वखारीत गेले तेव्हा आधी ढिगाकडं गेले, मग बारदानाकडं. फौजदारानं मात्र हातांबद्दल विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तुमची आहेत का?

"हौशीराम, कुठं ठेवलंय त्यांना?"

"हायवेच्या मंगल कार्यालयात. दुपारी बस निघणार म्हणत्यात."

"वळवा गाडी."

पारस पायरीवरून धावत आला. "पप्पा, आसरा दिला म्हणून तुमच्यावरच गुन्हा टाकतील. वकिलाला विचारू. दोन दिवस थांबा."

"बस दोन दिवस थांबणार आहे का?"

सुमतीबाई दारात वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता बोलायला जाताय, ते तिच्यासाठी का तुमच्यासाठी?"

ह्याचं उत्तर गाडीत बसल्यावर देऊ असं त्यांनी ठरवलं. पण गाडीत हौशीराम होता, डिझेलचा आणि ओल्या कांद्याचा वास होता, आणि पोटात काही नसल्यामुळं डोकं काचेसारखं झालं होतं, प्रत्येक वस्तू लख्ख आणि जरा लांब दिसत होती. मारवाडातून आलेल्या पणज्याची गोष्ट घरात नेहमी एकाच शेवटानं सांगितली जायची: मामलेदारानं विचारलं, हा कोण? आणि पाटील, म्हणजे हौशीरामचा पणजा, म्हणाला, ह्याला मी ओळखतो. एवढ्या एका वाक्यावर चार पिढ्या उभ्या राहिल्या. लहानपणी त्यांना वाटायचं, पाटील केवढा देवमाणूस! धंद्यात पडल्यावर कळलं की पाटलाला पुढं जन्मभर तंबाखू आणि गूळ फुकट होता. तरी वाक्य खोटं ठरत नव्हतं. पाटलानं ते मामलेदार उभा असताना, त्या क्षणी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सवडीनं गाडी करून जाऊन म्हटलं नव्हतं.

मंगल कार्यालयाच्या फाटकात एक शिपाई खुर्ची टाकून बसला होता. आत मागच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं भिंतीला तशीच होती, आणि त्यांच्या खाली सतरंज्यांवर माणसं बसली होती, गाठोड्यांना टेकून, वऱ्हाडाला बस मिळू नये तशी. फौजदार व्यासपीठापाशी टेबल टाकून बसला होता. त्यानं खुर्ची पुढं केली.

"सुटलं का मौन, शेठ?"

"सुटलं."

"काल बोलला असता तर माझ्या हातात होतं. आता नावं वर गेलीत. तुमच्या बोलण्यानं कुणाची बस चुकायची नाही. झालंच तर तुम्हालाच त्रास. बघा, विचार करून बोला."

"विचार झालाय. मोमेना माझ्याकडं काम करते. खोली मी दिली. मधे ठेकेदार कोणी नाही."

बोलून झालं आणि त्यांना हलकं वाटलं. इतकं, की खुर्चीची पाठ पहिल्यांदा पाठीला लागली. खरं बोलायला काही पडत नाही, हे एवढी वर्षं का सुचलं नाही? फौजदारानं पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही.

"एकटीच राहायची?"

"म्हणजे?"

"ती म्हणती नवरा नाही, कुणी नाही. म्हणती परवाच ह्या गावात आले, काम शोधत फिरत होते, खोली रिकामी दिसली म्हणून टेकले. आता तुम्ही म्हणता कामाला होती. मग नीटच विचारावं लागेल. खोलीत आणखी कोण होतं? तो कुठं गेला? कुणाच्या गाडीवर?"

आलेलं हलकेपण कन्हैयालालांना बसल्या जागी जड झालं. त्यांच्या डोळ्यांपुढं वाशीचं मार्केट आलं, ट्रकांच्या रांगा, आणि कुठल्यातरी रिकाम्या ट्रकच्या सावलीत बसलेला, परत येऊ नकोस म्हणून सांगितलेला अनारूल. त्यांनी सतरंज्यांकडं पाहिलं. ही बाई रात्रभर इथं बसून एकेक दार ओढून घेत होती: नवरा नाही, वखार नाही, शेठ नाही, ह्या गावातली सगळी वर्षंच नाहीत. स्वतः आत राहून तिनं सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं. आणि ते सकाळी धुतलेले कपडे घालून, उपाशी पोटी, शुद्ध तोंडानं आले होते ती दारं उघडायला.

"मोमेना कोण? इकडं ये," फौजदारानं हाक मारली.

ती आली. काल होती त्याच साडीत, केस चापून बांधलेले. तिनं कन्हैयालालांकडं पाहिलं. घाईनं नाही, आणि नजरही चुकवली नाही. एवढं सरळ तिनं वखारीत कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यांना ओळखती का?"

"न्हाई, साहेब."

"नीट बघ. हे म्हणतात तू ह्यांच्याकडं कामाला होतीस."

"दुसरी कुणी आसंल. हे बाबा कोण, मला म्हाईत न्हाई." तिचा हेल पक्का इथला होता, परवा गावात आलेल्या बाईला न शोभणारा, फौजदाराच्या भुवया किंचित हलल्या. ती वळता वळता थांबली. "तोंड सुकलंय त्यांचं. पाणी द्या कुणीतरी."

फौजदार काही क्षण दोघांकडं आळीपाळीनं पाहत राहिला. काल स्थानकात बसला होता तसाच, घाई न करता. "शेठ, तुम्ही म्हणता तुमची, ती म्हणती नाही. मला दोन्ही नाही लिहिता येत. काय लिहू?"

फरशीकडं बघून आज भागणार नव्हतं. गप्प राहिले तर मघाचं वाक्य तसंच उभं राहणार, आणि फौजदार त्याच्या मागं मागं वाशीपर्यंत जाणार. काल जे एक शब्द न उच्चारता झालं होतं, ते आज जिभेनं करायचं होतं, पुरतं, ऐकू जाईल असं, आणि तिच्यासमोर. काल ते स्वतःसाठी होतं. आज तिच्यासाठी होतं असं म्हणता आलं असतं. पण म्हणायचं कुणाला? वाक्य तर तेच होतं. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्हींत रतीचाही फरक दिसला नसता, आणि आतून तरी पुरता दिसत होता का, हे त्यांना सांगता येईना.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "माणूस ओळखण्यात गल्लत झाली. वय झालं, उपास होता."

"म्हणजे हिला ओळखत नाही."

"ओळखत नाही."

"कधी पाहिलेलं नाही."

"कधी पाहिलेलं नाही."

फौजदारानं लिहिलं, वाचून दाखवलं, सहीला पुढं केलं. सही वळणदार आली. मान वर केली तेव्हा मोमेना सतरंजीवर जाऊन बसली होती आणि शेजारच्या म्हातारीच्या गाठोड्याची सुटलेली गाठ पुन्हा आवळून बांधत होती.

फाटकाबाहेर हौशीराम बॉनेटला टेकून उभा होता. ते दिसल्याबरोबर पुढं आला. "काय झालं, शेठ? भेटली का? काय म्हणली मोमेना, कवा येती?"

खुर्चीतल्या शिपायानं मान वळवली. कन्हैयालालांनी गाडीच्या दाराला धरलं.

"कोण मोमेना?" त्यांनी विचारलं, शिपायाला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.